दुधाच्या वाटेनं इटली

इ.स.पूर्व १८७ मध्ये मार्कस एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सलनं रिमिनीपासून पियाचेन्झापर्यंत एक सडक आखली. उत्तरेला पो नदीचं सपाट खोरं, दक्षिणेला अपेनाइन डोंगर आणि मधल्या कडेनं जाणारी ही जवळजवळ सरळ रेघ. बोलोन्या, मोदेना, रेज्जो एमिलिया, पार्मा ही शहरं याच रेघेवर वसली आणि प्रांतालाही नाव मिळालं ते या सडकेवरून: एमिलिया-रोमान्या. आजचा महामार्ग आणि रेल्वे याच दिशेनं धावतात. प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या साध्या गाडीत बसलं की खिडकीतून तासन्‌तास एकच दृश्य दिसत राहतं. गवताची शेतं, विटांची जुनी घरं आणि लांबलचक गोठे. गाई मात्र क्वचितच बाहेर दिसतात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘राबते हात’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा आम्हा नवरा-बायकोचं इटलीला जायचं ठरत होतं. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस असा नेहमीचा त्रिकोण डोक्यात होता. विषय कळल्यावर तो बाजूला ठेवला आणि सगळी सुट्टी या एका सडकेला दिली. जगभर इटालियन म्हणून खाल्लं जातं त्यातलं बरंच काही याच पट्ट्यात तयार होतं: पार्मेझान चीज, पार्माचं हॅम, बाल्सामिक व्हिनेगर, ताल्यातेल्ले, तोर्तेल्लिनी. नवरा सगळं खातो. मला अंडं चालतं, मांस-मासे नाहीत. या फरकानं आमच्या प्रवासाला जी दिशा दिली, ती कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकानं दिली नसती.

कमानींखालचं शहर

बोलोन्यात पाऊस आला तरी छत्री उघडावी लागत नाही. शहरात सुमारे ६२ किलोमीटर लांबीचे पोर्टिको, म्हणजे कमानींवर तोललेले छतदार पदपथ आहेत. २०२१ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांचा जन्म घरटंचाईतून झाला. इथलं विद्यापीठ परंपरेनं १०८८ सालचं मानलं जातं. युरोपभरातून विद्यार्थी येऊ लागले, खोल्या कमी पडू लागल्या, तेव्हा लोकांनी वरचे मजले लाकडी तुळयांवर रस्त्याच्या बाजूला पुढे काढले. तुळया वाकू लागल्यावर खालून खांब दिले. अशा बांधकामावर नगरपालिका बंदी घालेल असं वाटतं. बोलोन्यानं उलट केलं. १२८८ च्या कायद्यानं नव्या घराला पोर्टिको सक्तीचा झाला आणि त्याची उंची घोडेस्वार जाऊ शकेल इतकी ठेवावी लागली. जागा मालकाची, दुरुस्ती मालकाची, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. आजही त्या सावलीत कॅफेची टेबलं मांडलेली असतात, सायकली टेकवलेल्या असतात, आणि कोपऱ्यावर कुणीतरी व्हायोलिन वाजवत असतं. कोर्ते इझोलानीपाशी तेराव्या शतकातले उंच लाकडी खांब अजून उभे आहेत. त्यांच्याखाली उभं राहिलं की ही सगळी व्यवस्था किती साध्या गरजेतून सुरू झाली ते दिसतं.

सर्वांत लांब पोर्टिको गावाबाहेरच्या टेकडीवर सान लुकाच्या चर्चपर्यंत जातो. ६६६ कमानी, सुमारे पावणेचार किलोमीटर. सतराव्या शतकात तो बांधायला घेतला तेव्हा टेकडीवर सामान पोचवण्यासाठी गावकऱ्यांनी रांग केली आणि विटा, वाळू हातोहात वर दिल्या. त्याची आठवण म्हणून अजूनही ऑक्टोबरात लोक तशी रांग धरतात. आम्ही गेलो त्या सकाळी चढावर शाळेच्या मुलांपासून काठी टेकत जाणाऱ्या आजीपर्यंत सगळे होते. शेवटच्या वळणांवर दम लागतो, पण ऊन लागत नाही.

गावातल्या प्रसिद्ध दोन मनोऱ्यांपैकी आसिनेल्ली ९७ मीटर उंच आणि शेजारचा गारिसेंदा त्याच्या निम्मा, पण भलताच कललेला. दान्तेनं ‘इन्फर्नो’त त्याचा उल्लेख केला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या स्थैर्याबद्दल चिंता वाढली, परिसराला कुंपण पडलं आणि आसिनेल्लीच्या ४९८ पायऱ्याही पर्यटकांसाठी बंद झाल्या. लांबून पाहावं लागतं.

एक गोष्ट मात्र जवळून पाहावीच. रेल्वे स्टेशनच्या बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून पंचवीस मिनिटांवर थांबवलेलं आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी त्या वेळी प्रतीक्षालयात नवफॅसिस्टांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. सुट्टीवर निघालेली कुटुंबं होती. रुग्णवाहिका पुरेनात म्हणून ३७ क्रमांकाची शहर बस चादरी लावून जखमी आणि मृतांना नेत राहिली. प्रतीक्षालयात फुटलेली फरशी तशीच ठेवली आहे आणि भिंतीवर नावं कोरली आहेत. बॅगा ओढत जाणारे लोक तिथे एक क्षण थांबतात, नावं वाचतात आणि गाडी पकडायला धावतात.

आठ मिलिमीटर

बोलोन्याच्या व्यापारी मंडळात सोन्याची एक ताल्यातेल्ला, म्हणजे पास्त्याची पट्टी, जपून ठेवलेली आहे. १९७२ साली इथल्या पाककला अकादमीनं तिची रुंदी ठरवून नोंदवली: शिजल्यावर आठ मिलिमीटर, म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. १९८२ साली रागू या मांसाच्या सॉसची कृतीही अशीच नोंदवली गेली. बाहेरच्या जगात जे ‘स्पॅगेटी बोलोन्येझ’ म्हणून विकलं जातं, त्याची इथल्या स्वयंपाकाशी ओळख नाही. इथे रागू जातो तो अंड्याच्या ताज्या ताल्यातेल्लेबरोबर, कारण तिचा खरखरीत पृष्ठभाग रस धरून ठेवतो. दक्षिणेतल्या कोरड्या स्पॅगेटीवरून तो ओघळून ताटलीत उतरतो.

तो खरखरीतपणा कुठून येतो, ते पाहायला क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांत जावं लागतं. पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाच्या मागच्या या जुन्या बाजारात मासे, फळं, चीज, टांगलेलं हॅम असं सगळं एकमेकांना खेटून आहे. तिथे आणि आसपासच्या गल्ल्यांत काही दुकानांच्या काचेमागे स्फोल्यीना, म्हणजे पीठ लाटणाऱ्या बायका, काम करताना दिसतात. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, पाणी नाही. पीठ मळून तासभर झाकून ठेवायचं आणि मग जवळजवळ मीटरभर लांबीच्या लाकडी लाटण्यानं लाकडी पाटावर लाटायचं. लाकडाचा ठसा पिठावर उमटतो, तीच ती खरखर. धातूच्या रुळांतून काढलेली पट्टी गुळगुळीत होते.

आम्ही ज्या बाईंच्या पाटापुढे सकाळभर उभे राहिलो, त्या साठीच्या असाव्यात. लाटणं पुढे ढकलताना त्यांचे तळवे मध्यापासून टोकांकडे सरकत आणि पिठाचा पापुद्रा प्रत्येक फेरीला थोडा फिरे. तो इतका पातळ झाला की खालच्या पाटाच्या रेषा दिसू लागल्या. त्यांच्या खांद्यांना हे काम चाळीस वर्षं माहीत होतं. मुली हे शिकायला येतात का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की येतात, पण जास्त करून परदेशातून आणि आठवडाभरासाठी. मग त्यांनी छोटे चौकोन कापले, सारणाची चिमूट ठेवली आणि करंगळीभोवती दुमडून तोर्तेल्लिनी वळायला घेतल्या. सारण डुकराच्या मांसाचं, हॅमचं, मोर्तादेल्लाचं आणि पार्मेझानचं. नवऱ्यानं त्या दुपारी कोंबडीच्या रश्शात खाल्ल्या आणि बराच वेळ काही बोलला नाही. मी मशरूमची ताल्यातेल्ले मागवली, वरून चीज नको म्हणून सांगितलं. वाढणाऱ्याला ते कळेना. एमिलियात चीज नको म्हणणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत असावं.

पहाटेचं दूध

चीज का नको, ते रेज्जो एमिलियाजवळच्या एका सहकारी चीजघरात समजेल. आम्ही पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि निम्मं काम झालेलं होतं.

पार्मेझानचं खरं नाव पार्मिज्यानो रेज्जानो. हे नाव लावायचं तर पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना हे जिल्हे, रेनो नदीच्या डावीकडचा बोलोन्या आणि पो नदीच्या उजवीकडचा मांतुआ, एवढ्याच प्रदेशात दूध निघालं पाहिजे आणि चीज बनलं पाहिजे. संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ हौदांत ठेवतात, साय वर येते, ती काढून घेतात. सकाळी त्यात ताजं, सायीसकट दूध मिसळतात. हे मिश्रण घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढयांत जातं. आदल्या दिवशीच्या चीजमधून निघालेली निवळी आंबवून ठेवलेली असते, ती विरजणासारखी घालतात. मग दूध जमवणारं रेनेट. दहा-बारा मिनिटांत दूध जमतं. काझारो, म्हणजे मुख्य कारागीर, तारांच्या मोठ्या पिंजऱ्यानं ते फोडत जातो, दाणे गव्हाएवढे होईपर्यंत. मग उष्णता ५५ अंशांपर्यंत वाढवतात आणि थांबतात.

काझारो प्रत्येक कढईत कोपरापर्यंत हात घालून दाणे मुठीत दाबून पाहत होता. भिंतीवर तापमापक आहे, घड्याळ आहे, तरी पुढच्या टप्प्याचा निर्णय त्या मुठीत होतो. दाणे तळाशी बसून गोळा झाला की दोघं जण लाकडी फावड्यानं तो उचलतात, खाली तागाचं फडकं घालतात, गोळ्याचे दोन तुकडे करतात आणि दोन्ही झोळीसारखे टांगतात. एका कढईतून चिजाची दोन चाकं. एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागतं आणि ते साधारण चाळीस किलोचं होतं. गोळा उचलण्याच्या त्या मिनिटभरात खोलीत कुणी बोलत नव्हतं. चूक झाली तर अकराशे लिटर दूध वाया.

गाई रविवारी, नाताळला, नव्या वर्षाला दूध देतात, त्यामुळे हे काम वर्षाचे ३६५ दिवस चालतं. नियम आणखी खोलवर जातात. गाईंना मुरघास चालत नाही. मुरघासातून येणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू दुधात उतरतात आणि महिन्यांनंतर चाकाच्या पोटात वायू धरून त्याला फुगवतात. म्हणून वाळवलेलं गवत, तेही मुख्यतः याच प्रदेशातलं. गाडीतून दिसलेल्या शेतांचा अर्थ इथे लागतो.

साच्यातून निघालेली चाकं तीनेक आठवडे मिठाच्या पाण्यात राहतात आणि मग गोदामात जातात. ते गोदाम पाहताना मान वर करावी लागते. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर हजारो चाकं. किमान बारा महिने, बरीच चाकं दोन वर्षं आणि त्याहून जास्त. एका बँकेनं तर अशा चाकांना तारण धरून शेतकऱ्यांना कर्ज द्यायची व्यवस्था केली आहे. तिच्या गोदामात सोन्याच्या जागी चीज असतं. वर्ष झालं की चीज उत्पादकांच्या संघाचा तपासनीस छोटा हातोडा घेऊन येतो. चाकावर ठोकतो आणि ऐकतो. आत भेग किंवा पोकळी असेल तर आवाज बदलतो. पास झालेल्या चाकावर तापलेल्या लोखंडाचा शिक्का बसतो. नापासाच्या सालीवरचं नाव खरवडून काढलं जातं.

मे २०१२ च्या भूकंपात अशा गोदामांच्या फळ्या कोसळल्या आणि काही लाख चाकं खाली आली. मोदेनाच्या ‘ओस्तेरिया फ्रान्चेस्काना’चा शेफ मास्सिमो बोत्तुरा यानं तेव्हा तांदळाच्या रिसोत्तोची एक पार्मेझान-मिरपूड कृती जगासमोर ठेवली आणि घराघरांत लोकांनी फुटलेलं चीज विकत घेऊन ती केली. चवीपेक्षा त्या गावांच्या एकजुटीसाठी मला ही हकिगत फार मोलाची वाटते.

रेनेटचा प्रश्न

रेनेट म्हणजे दूधपित्या वासराच्या जठरातला पाचकरस. पार्मिज्यानो रेज्जानोच्या नियमावलीत वासराचंच रेनेट बंधनकारक आहे. म्हणजे शाकाहारी पार्मेझान ही गोष्ट असूच शकत नाही, आणि पिझ्झावर, पास्त्यावर ते भुरभुरवणाऱ्या आपल्याकडच्या अनेक शाकाहारी घरांना हे ठाऊक नसतं. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचं चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या एन्झाइमनं जमवतात. तिथला आणि इथला फरक हाच. मी कढईत ते ओतताना पाहिलं आणि माझ्यापुरता निर्णय पक्का केला. काझारोला तो अपमान वाटेल अशी धाकधूक होती. त्यानं शांतपणे ऐकलं, नियम तसा आहे म्हणाला आणि माझ्या वाट्याचा तुकडाही नवऱ्याच्या ताटलीत ठेवला. नवऱ्यानं चोवीस महिन्यांच्या चिजाचं वर्णन केलं: आधी खारट, मग अननसासारखा गोडवा, मग दाताखाली बारीक कणांची करकर.

शाकाहारी माणसानं या प्रांतात उपाशी राहू नये म्हणून थोडं सांगते. भाज्यांनी भरलेल्या तोर्तेल्लीत रिकोत्ता आणि पार्मेझान असतंच. पियादिना या चपट्या भाकरीत पारंपरिक कृतीनं डुकराची चरबी असते, ऑलिव्ह तेलाची मागून घ्यावी लागते. टोमॅटो-लसणाचा मारिनारा पिझ्झा बिनचिजाचा. भाजलेल्या भाज्या आणि उकडलेली चवळी-राजम्याच्या जातीची कडधान्यं मिळतात, पावात चरबी आहे का ते विचारून घ्यावं. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं ते साडेसातला उघडतं. मधल्या वेळेत भूक लागली तर जेलातोच्या दुकानाचाच आधार.

माळ्यावरची पिंपं

मोदेनात मला मनसोक्त खाता आलं ते व्हिनेगर. तिथल्या जुन्या घरांच्या माळ्यावर लाकडी पिंपांची एक ओळ असते, मोठ्यापासून लहानापर्यंत: ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशी वेगवेगळी लाकडं. द्राक्षाचा रस उघड्या भांड्यात तासन्‌तास आटवून मोठ्या पिंपात भरतात. उन्हाळ्यात माळा भट्टीसारखा तापतो आणि रस आटतो. हिवाळ्यात थंडीत निवतो. वर्षातून एकदा सर्वांत लहान पिंपातून थोडंसं काढून घेतात आणि तेवढंच त्याच्या आधीच्या पिंपातून भरून घेतात, असं शेवटपर्यंत. किमान बारा वर्षं, ‘एक्स्त्रावेक्यो’साठी पंचवीस. मुलगी जन्मली की नवी ओळ सुरू करून तिच्या लग्नात ती द्यायची, अशी घराघरांत रीत होती. मोदेना नगरपालिकेच्या इमारतीतही शहराच्या मालकीची पिंपं आहेत.

आम्ही गेलो त्या माळ्यावर घरच्या सुनेनं चिनी मातीच्या चमच्यात चार थेंब दिले. काळपट, घट्ट, आंबट आणि गोड एकाच वेळी, मागून लाकडाचा वास. अस्सल व्हिनेगर डिझायनर जुजारोनं आखलेल्या १०० मिलिलिटरच्या गोल पोटाच्या बाटलीतच मिळतं आणि पंचवीस वर्षांच्या बाटलीसाठी शंभर युरोंच्या आसपास मोजावे लागतात. सुपरमार्केटातल्या स्वस्त बाटलीत वाइन व्हिनेगरात रस मिसळलेला असतो आणि साठवण दोन महिन्यांचीही पुरते. दोन्हींचं नाव इतकं सारखं आहे की गिऱ्हाईक फसतंच, हे बदलायला हवं असं मला वाटतं.

मोदेनाच्या कॅथीड्रलला मच्छीबाजाराच्या बाजूचं एक दार आहे, पोर्ता देल्ला पेस्केरिया. त्याच्या आतल्या बाजूला बारा महिन्यांची कामं कोरलेली आहेत. पार्माच्या गुलाबी संगमरवरी बाप्तिस्मागृहातही शिल्पकार आन्तेलामीनं महिन्यांच्या मूर्ती केल्या आहेत: कुणी कापणी करतो, कुणी द्राक्षं तोडतो. देवाच्या घरात शेतकऱ्याचं पंचांग. संपादकांच्या विषयासाठी याहून चांगलं चित्र सापडलं नसतं, आणि दोन्ही ठिकाणी आम्ही एकटेच होतो. 

गोठ्यातले पंजाबी

चीजघराचं दूध कुठून येतं असं विचारल्यावर गोठ्याचा पत्ता मिळाला आणि तिथे दार उघडलं ते पगडीवाल्या माणसानं.

१९८० च्या दशकापासून पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत पंजाबी शीख काम करत आले आहेत. बेर्गामीनो, म्हणजे गाई सांभाळणाऱ्याचं काम, पहाटे तीन-चारला सुरू होतं. संध्याकाळी पुन्हा धारा, सुट्टी नाही, वास कपड्यांतून जात नाही. इटालियन तरुण ते सोडून कारखान्यात गेले. कामाबरोबर गोठ्याशेजारी घर मिळतं, ही गोष्ट नव्यानं आलेल्या कुटुंबाला मोठीच. पंजाबातल्या शेतकऱ्याला जनावर कळतं, थंडीही सोसते. एकानं भावाला बोलावलं, भावानं मेहुण्याला. २००० साली रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या नोव्हेल्लारात मोठा गुरुद्वारा उघडला.

सगळीकडे चित्र असं नाही. रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या भाजीपाल्याच्या शेतांत जून २०२४ मध्ये सतनाम सिंग या भारतीय मजुराचा हात यंत्रात तुटला. दवाखान्यात नेण्याऐवजी त्याला घरासमोर टाकून देण्यात आलं आणि दोन दिवसांनी तो गेला. तो कागदपत्रांशिवाय काम करत होता. इटलीभर मोर्चे निघाले. ‘राबते हात’ या विषयावर लिहिताना ही घटना वगळता येणार नाही. एमिलियातल्या गोठ्यांत बहुतेकांकडे पक्का करार आणि घर आहे, आणि त्याचं एक कारण चिजाचे कडक नियम हेही असावं. गाय कुठल्या गोठ्यातली, दूध कोणत्या दिवसाचं, चाकावर कोणता क्रमांक, सगळं नोंदलेलं असतं. नोंद ठेवावी लागणाऱ्या धंद्यात माणूस लपवणं अवघड जातं.

गोठ्यातले काका पंचवीस वर्षांपूर्वी होशियारपूरहून आले. आम्ही हिंदीत बोलू लागलो तेव्हा त्यांनी घरातून चहा मागवला, दुधाळ, आल्याचा. दोन्ही मुलं इटालियन शाळेत शिकली. मुलगा ट्रक चालवतो, मुलगी बँकेत आहे. गोठ्यात यायला कुणी तयार नाही आणि ते काकांना पसंतच आहे. मग पुढे कोण, असं विचारल्यावर त्यांनी नव्यानं आलेल्या दोन पोरांकडे बोट दाखवलं. त्यांतल्या एकाच्या हातात फावडं होतं, दुसरा गव्हाणीत गवत पसरत होता.

काकांना महाराष्ट्राबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: तुमच्याकडे गाईच्या दुधाला काय मिळतं? माझ्या नवऱ्याचे मामा संगमनेरकडे दूध घालतात, म्हणून आम्हाला ठाऊक होतं. तेव्हा लिटरला तीस रुपयांच्या आसपास, कधी त्याहून खाली, आणि अनुदान जाहीर झालं तर काही महिने थोडं वर. काकांनी हिशेब केला. इथल्या चीजघराचे सभासद शेतकरीच आहेत, चीज विकल्यावर नफ्याचा वाटा त्यांच्याकडे परत येतो, आणि साध्या पिशवीतल्या दुधापेक्षा या दुधाला चांगला दर मिळतो तो त्यामुळेच, असं त्यांनी समजावलं. आमच्याकडेही सहकारी संघ आहेत, मी म्हणाले. मग तुमचे संघ दुधाचं काय करतात, त्यांनी विचारलं. पिशव्या भरतात, पावडर करतात, थोडं चीज-पनीर करतात, मी सांगितलं. पावडरचा भाव पडला की दुधाचा पडतो ना, असं विचारून त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. चार वाजत आले होते, संध्याकाळच्या धारांची वेळ झाली होती आणि नवी पोरं गाई आत वळवायला लागली होती.